गणवेश मागवणारा तो घालत नाही

8 डिसेंबर 2020 रोजी राज्य सरकारच्या सामान्य प्रशासन विभागानं आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल एक परिपत्रक काढलं. जीन्स आणि टी-शर्ट नको, भडक रंग आणि नक्षीकाम नको, पायांत स्लिपर नको, आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी घालावी. खादीबद्दल माझी तक्रार नाही. उलट त्या परिपत्रकात अंगाला सोसणारी तेवढीच एक गोष्ट होती. माझं भांडण त्यामागच्या कारणाशी आहे. पोशाख अशोभनीय, विसंगत किंवा अस्वच्छ असेल तर त्याचा कामकाजावरही अप्रत्यक्ष परिणाम होतो, असं त्यात म्हटलं होतं.

पोशाखाचा कामावर परिणाम होतो हे मला मान्यच आहे. 22 वर्षं मी तो रोज पाहिला. पण तो परिणाम बघणाऱ्याच्या नजरेतून होत नाही, घालणाऱ्याच्या कातडीतून होतो. घोळ इथे आहे, आणि तो फक्त मंत्रालयात नाही. कारखान्यात, महापालिकेत, शाळेत, दुकानात, जिथे एक माणूस दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा ठरवतो तिथे सगळीकडे आहे.

मी शहाडला राहतो. नोकरी झाली अंबरनाथच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. वर्षाला माणशी दोन जोड गणवेश, एक जोड सेफ्टी शूज, हातमोजे, गॉगल, पावसाळ्यात रेनकोट हे सगळं माझ्या खिडकीतून जायचं आणि माझ्या वहीत सही व्हायची. आता सकाळी बिर्ला मंदिराच्या बाजूला फिरायला जातो. तिथे एक निवृत्त अधिकारी भेटतात. सज्जन माणूस, वाचन दांडगं. त्यांचं म्हणणं असं, की कपडा सैल झाला की माणूस सैल होतो. कामावर आलोय हे अंगाला कळलं पाहिजे. घरच्यासारखे कपडे दिले तर काम घरच्यासारखंच होणार. हे त्यांचं एकट्याचं मत असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण खरेदीच्या बैठकांत मी हेच ऐकलं, फोरमनच्या तोंडून ऐकलं, पुढे कामगारांच्या मुलांच्या तोंडूनही ऐकलं. म्हणून एकदा नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

आधी कापडाचं बोलू. शहाडचं नाव देशभर गेलं ते व्हिस्कोसच्या धाग्यामुळे. सेंच्युरी रेयॉन 1956 पासून तो इथे काढतं, लाकडाच्या लगद्यापासून. वस्त्रोद्योगात प्रत्येक धाग्याचा एक आकडा ठरलेला असतो: ठरावीक तापमानाच्या आणि दमटपणाच्या हवेत तो आपल्या कोरड्या वजनाच्या किती टक्के ओलावा पोटात घेतो. व्हिस्कोसचा हा आकडा सुमारे 13, सुताचा साडेआठ, पॉलिएस्टरचा 0.4. म्हणजे सुताच्या तुलनेत पॉलिएस्टर विसाव्या हिश्शाइतकंही पाणी पीत नाही. आणि गणवेशासाठी सर्रास घेतलं जाणारं टेरीकॉट साधारण दोन तृतीयांश पॉलिएस्टरच असतं. ते का घेतात हे मला ठाऊक आहे, कारण तुलनातक्ते मीच करून द्यायचो. इस्त्री मोडत नाही, रंग उडत नाही, लवकर झिजत नाही, स्वस्त पडतं, लवकर वाळतं. यातलं शेवटचं कारण तेवढं घालणाऱ्याच्या उपयोगाचं. बाकीची चारही बघणाऱ्याच्या आणि पैसे देणाऱ्याच्या.

आता अंगाचं. काम करणारं शरीर तापतं आणि ती उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य उपाय घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो सुकला तर. कपाळावरून टपकलेला, पाठीवरून कमरेत उतरलेला घाम जवळपास काहीच नेत नाही, शरीरातलं पाणी आणि मीठ मात्र संपवतो. ठाणे-कल्याणची हवा आधीच दमट, घाम सुकायला नाखूश. त्यात अंगावर वाफ अडवणारा कपडा आला की वाट दोन्हीकडून बंद. मग हृदय रक्त कातडीकडे ढकलत राहतं, हातापायांच्या वाट्याला ते कमी येतं, डोकं जड होतं, लक्ष उडतं. याला आळस म्हणायचं असेल तर हृदयाला आळशी म्हणावं लागेल.

कारखान्यातला उष्णतेचा ताण मोजणाऱ्या शास्त्रात कपड्याचा हिशेब अंशांत मांडतात. साध्या, विणलेल्या कामाच्या कपड्यांना शून्य धरतात. वाफ बाहेर न सोडणारा, डोक्यावर टोपी असलेला एकसंध सूट असेल तर मोजलेल्या निर्देशांकात 11 अंश सेल्सिअस वाढवून धरतात. म्हणजे शेडमध्ये 28 मोजला तर त्या माणसाच्या बाबतीत तो 39 समजायचा. 2020 साली कोविडच्या वॉर्डात पीपीई किटमध्ये पाळी काढणाऱ्या परिचारिकांना आणि वॉर्डबॉयना विचारा. त्यांना हा आकडा माहीत नसेल, पण तो त्यांनी अंगावर घेतला आहे.

कापडाइतकाच शिवणीचाही भाग असतो. मोकळ्या घेरातून माणूस हलला की हवा आतबाहेर होते, भात्यासारखी. 15 मार्च 2024 रोजी शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांसाठी वेशसंहिता काढली. पुरुषांनी फिकट शर्ट, गडद पँट आणि शर्ट खोचलेला, स्त्रियांनी साडी किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. खोचलेला शर्ट म्हणजे बंद केलेला भाता. मुरबाडकडच्या पत्र्याच्या वर्गात वीज गेलेली असताना तासामागून तास घेणाऱ्या गुरुजींचा शर्ट खोचलेला आहे की बाहेर, यावर मुलांचं गणित कसं अवलंबून आहे हे मला कोणीतरी समजावून सांगावं. ते गुरुजी चौथ्या तासाला दमतात, याचा मात्र गणिताशी थेट संबंध आहे.

माझ्या 22 वर्षांत मला कळलेली मुख्य गोष्ट आता सांगतो.

आमच्या पॅकिंगमध्ये बायका होत्या. साडीवर कोट, अशी त्यांची पद्धत. रस्ते झाडणाऱ्या बायकांच्या अंगावर आजही तुम्ही हेच पाहता. कोट टेरीकॉटचा, पुरुषी मापाचा, खांदे उतरलेले, बाह्या मनगटाखाली लोंबणाऱ्या, आत ब्लाउज, त्यावर पदर, आणि या सगळ्यावर बंद गळ्याची बटणं. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या पाळीत त्या दर तासाला बाथरूमला जायच्या. सुपरवायझर वहीत वेळ लिहायचा, कटकट करायचा, एकीला मेमो मिळाला. माझ्या बायकोला त्यांच्यातली एक शेजारीण म्हणून ओळखत होती. तिनं बायकोला सांगितलं: आम्ही तिथे कोट काढून दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहतो.

कपड्याचा खर्च माझ्या वहीत होता: इतके नग, इतका दर, इतकी बचत. त्या कपड्यानं गेलेला वेळ मात्र दुसऱ्याच वहीत जात होता, त्या बाईच्या नावापुढे, गैरशिस्त म्हणून. दोन वह्या समोरासमोर कधी ठेवल्या गेल्या नाहीत. स्वस्त कापडाचं श्रेय खरेदी विभागाला आणि त्याची किंमत कामगाराच्या स्वभावाला. पावसाळ्यातही तेच. दोन जोडांपैकी एक भिजलेला, दुसरा न वाळलेला. दमट कपडा अंगावर, मग जांघेत आणि काखेत गजकर्ण. खाजवणाऱ्या माणसाचं लक्ष गेजवर राहत नाही. त्याच्या हातून सुटलेला माल ‘निष्काळजीपणा’ या सदरात जायचा. तो निष्काळजी नव्हता, त्याला कपडे वाळवायला जागा नव्हती.

विशेष म्हणजे हे कायद्याला कळलं होतं. 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 43 होतं: घरचे कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला कामगारांना जागा द्यावी, असे नियम राज्याला करता येतील. कलम 13 त्याहून स्पष्ट होतं. कारखान्यातलं तापमान कामगारांना वाजवी आराम मिळेल असं असावं, असं त्यात म्हटलं होतं. आराम हाच शब्द, चैन या अर्थानं नव्हे, कामाची अट म्हणून. तेव्हा आराम मागणं म्हणजे लाड मागणं, असं म्हणणाऱ्यांनी आधी ते कलम वाचावं.

आमचे अधिकारी मित्र इथे संशोधन पुढे करतात, आणि त्याला बगल देणं योग्य नाही. 2012 साली हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या दोघांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. पांढरा प्रयोगशाळेचा कोट घातलेल्या विद्यार्थ्यांनी लक्ष लागणाऱ्या चाचणीत कमी चुका केल्या. तोच कोट डॉक्टरचा आहे म्हटलं की लक्ष वाढायचं, रंगाऱ्याचा आहे म्हटलं की नाही. यावरून जगभर लेख आले की कपडा रुबाबदार असेल तर बुद्धीही तशीच चालते. पण त्या पहिल्या प्रयोगात होते 58 विद्यार्थी. 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. आणि मिळाला असता तरी? खोलीत बसून काही मिनिटं रंगांची नावं ओळखणं वेगळं, भट्टीजवळ आठ तास उभं राहणं वेगळं. कोटाचा अर्थ डोक्यात राहण्यासाठी आधी डोकं थंड राहावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सुरक्षेचं साहित्य कसं आरामदायी असणार? हेल्मेट टोचणारच, बूट जड असणारच. कामगारांना दिलं तरी ते घालत नाहीत, खुंटीला लावून ठेवतात. हे खरं आहे, मी खुंट्या पाहिल्या आहेत. पण खुंटीला काय लटकत होतं तेही पाहिलं आहे. पाच नंबरचा पाय असलेल्या बाईला आठ नंबरचा बूट, पुढे चिंध्या कोंबलेला. बोटं वाकू न देणारे हातमोजे, जे घालून नट पकडता येत नाही. घामानं धूसर होणारे गॉगल. ते साहित्य अंगावर नसल्यानं अपघात झाला की चौकशीत लिहिलं जातं की कामगारानं वापरलं नाही. न बसणारं साहित्य देणं म्हणजे साहित्य न देणंच आहे, फक्त वहीत सही असलेलं.

आराम म्हणजे सैलपणा, हा समजच मुळात चुकीचा. कारखाने अधिनियमाचंच कलम 22 सांगत होतं की चालू यंत्राजवळ तेल घालणाऱ्या, तपासणी करणाऱ्या माणसानं अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, आणि ते मालकानं पुरवावेत. लोंबती बाही यंत्रात ओढली जाते. अंगाबरोबर बसणारा कपडा म्हणजे मापाचा कपडा, आणि मापाचा कपडा हाच आरामाचा कपडा. आमच्या वेल्डिंग शॉपला सुती गणवेश मिळायचे, कारण ठिणगी पडली की पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. तिथे सुरक्षा आणि आराम एकाच कापडात आले होते. बाकीच्या खात्यांतली माणसं त्या सुती शर्टासाठी माझ्या खिडकीशी येऊन गळ घालायची. मला नाही म्हणावं लागायचं. ते नाही म्हणणं मला आजही बोचतं.

वर्कशॉपमधल्या जाड गणवेशाला कामगार डांगरी म्हणतात. या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजांनी डंगरी म्हटलं, खलाशांनी आणि मजुरांनी त्याचे कपडे केले, आणि तोच शब्द डांगरी होऊन आपल्या वर्कशॉपमध्ये परत आला. म्हणजे कामाच्या कपड्याला जगानं दिलेलं एक नाव आपल्याच गल्लीतून गेलेलं आहे. जीन्सचंही तसंच. जेकब डेव्हिस या शिंप्यानं आणि लेव्ही स्ट्रॉसनं 20 मे 1873 रोजी रिव्हेट मारलेल्या पँटचं पेटंट घेतलं, ते मजुरांचे खिसे फाटू नयेत म्हणून. शहाडच्या शेजारी, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आज हजारो हात जीन्स शिवतात. 2020 च्या परिपत्रकानं अशोभनीय ठरवलेला हा कपडा मुळात कष्टकऱ्यांचा गणवेश. मार्च 2021 मध्ये सरकारनंच जीन्सवरची बंदी उठवली, टी-शर्टवरची ठेवली. कल्याणच्या तहसील कार्यालयात दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला समोरच्या कारकुनाची पँट कशाची आहे याचं काही नसतं. दाखला आज मिळणार की उद्या या, एवढंच त्याला ऐकायचं असतं.

आपल्याकडे कामाचा कपडा कसा असावा हे कोणा संस्थेनं शिकवण्याची गरज नव्हती. भातलावणीच्या चिखलात उतरणाऱ्या आगरी बायकांचं आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन लोकलमध्ये चढणाऱ्या कोळणींचं कासोटा घातलेलं लुगडं पाहा. पाय मोकळे, पोटऱ्या उघड्या, कंबर बांधलेली, सगळं सुती. वाकता येतं, बसता येतं, धावता येतं. घालणाऱ्यांनी स्वतः ठरवलेला तो गणवेश. त्याच बायकांच्या नातींना आपण साडीवर कोट चढवला.

गणवेश नकोच, असं मी म्हणत नाही. रुग्णालयात परिचारिका ओळखू यावी, बसमध्ये कंडक्टर कोण ते कळावं. शिवाय गणवेशात एक मान आहे, तो मी डोळ्यांनी पाहिला. कडक इस्त्रीचा नवा शर्ट मिळाला की माणूस त्याच दिवशी फोटो काढून गावी पाठवायचा. हा अभिमान खोटा नाही. पण म्हणूनच तो कपडा त्याच्या मापाचा हवा. दोन महिन्यांनी तोच शर्ट पाठीवर मिठाचे पांढरे डाग घेऊन यायचा, आणि तेव्हा कोणी फोटो काढत नव्हतं.

आता माझ्या बाजूच्या लोकांशीही थोडं भांडायचं आहे. आरामदायी कपडे द्या, उत्पादन वाढेल, असं सांगत फिरणारे सल्लागार हल्ली पुष्कळ आहेत. उत्पादन वाढेल, मला शंका नाही. पण ते वाढलं तरच कोरडा शर्ट मिळणार, असा सौदा होता कामा नये. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याची सुट्टी मागितली. ती मिळायला 10 जून 1890 उजाडलं. विश्रांतीनं कापड किती वार जास्त निघेल हे आधी सिद्ध करा, या अटीवर ती मिळायची असती तर अजून मिळाली नसती. माणसाला सुट्टी लागते म्हणून सुट्टी. घाम सुकायला लागतो म्हणून तो सुकू देणारा कपडा.

नियम कुठे माणसाच्या बाजूनं वाकतात हेही मी पाहून ठेवलं आहे. कल्याणच्या न्यायालयातल्या वकिलाला उन्हाळ्यात काळा कोट घालण्याची सक्ती नाही. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतर न्यायालयांत बार कौन्सिलच्या नियमांनीच ती मुभा दिली आहे. बार कौन्सिलमध्ये असतात वकील. कोटाखाली किती घाम येतो हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. 2005 च्या उन्हाळ्यात जपानच्या पर्यावरण मंत्रालयानं कार्यालयांचे एसी 28 अंशांवर ठेवायला सांगितले आणि कोट-टाय उतरवायला सांगितलं, तेव्हा पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायशिवाय लोकांसमोर आले. उलट रस्ता झाडणाऱ्या बाईचा कोट ठरवणाऱ्या टेबलावर रस्ता झाडणारी बाई नसते. आमच्या खरेदीच्या बैठकीत 22 वर्षांत एकदाही पॅकिंगमधल्या कोणाला बोलावलं नाही. कापडाचा नमुना एसी केबिनमध्ये दोन बोटांत चोळून पाहायचा, रंग खिडकीच्या उजेडात पाहायचा, दर पाहायचा, सही करायची. मीही त्या खोलीत होतो आणि मीही काही बोललो नाही.

म्हणून ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ इथल्या कारखान्यांत, महापालिकांत, शाळांत आणि रुग्णालयांत जे कोणी यंदा गणवेशाच्या मागणीपत्रावर सही करणार आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. नमुन्याचा एक जोड स्वतःच्या मापाचा नको, स्टोअरमध्ये असेल त्या मापाचा घ्या. मे महिन्यात, दुसऱ्या पाळीत, शेडमध्ये किंवा रस्त्यावर, आठ तास तो घालून काम करा. पाळी संपल्यावर तो काढू नका, तसाच घालून शहाडहून कसारा लोकल पकडा. दुसऱ्या दिवशी पॅकिंगमधल्या दोन बायकांना समोर बसवा, त्यांना विचारा, आणि मग सही करा.